मुरुमांचा दोष शेंगाचटणीला की बेकरीच्या खारीला? जाणून घ्या

सोलापूर : चेहऱ्यावर मुरूम आले की घरातून पहिला सल्ला मिळतो, 'शेंगाचटणी बंद कर, उष्ण पडतंय.' मात्र तिखट किंवा शेंगदाण्यांमुळे मुरूम येतात, असा ठोस पुरावा नाही. मग आहाराचा संबंध नेमका कुठे येतो?

मुरूम का येतात?
वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतील तेलग्रंथी जास्त तेल तयार करतात. तेल आणि मृत पेशींनी छिद्रे बुजतात, जिवाणू वाढतात आणि सूज येते. खाल्लेले तेल थेट चेहऱ्यावर येत नाही.

साखर, मैद्याचा काय संबंध?
गोड चहा, खारी, पाव, कोल्ड्रिंक यांमुळे रक्तातील साखर झटकन वाढते. त्यापाठोपाठ इन्सुलिन वाढते आणि तेलग्रंथींना चालना मिळते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 43 तरुणांपैकी काहींना 12 आठवडे साखर हळू वाढवणारा आहार दिला. त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. मात्र त्यांचे वजनही घटले होते, हे लक्षात घ्यायला हवे.

दूध, चॉकलेटचे काय?
दूध, विशेषतः साय काढलेले दूध, आणि मुरूम यांचा संबंध काही पाहण्यांत आढळला. पण दुधामुळेच मुरूम येतात, हे सिद्ध झालेले नाही. जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरूम वाढले का, याकडे लक्ष द्यावे. चॉकलेटबाबतचे पुरावे संमिश्र आहेत.

मग खायचे काय?
सोलापूरकरांना लांब जायला नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे. तिच्या भाकरीत मैद्यापेक्षा जास्त तंतुमय घटक असतात. सोबत डाळ, पालेभाजी, मटकीची उसळ आणि बेताची शेंगाचटणी चालेल. दोन-तीन महिने साखर, मैदा कमी करून फरक पाहा. मुलींचे दूध परस्पर बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?
गाठी, दुखणारे फोड, व्रण दिसू लागले किंवा मुलींमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, तर थांबू नका. आहार हा उपचाराला पूरक आहे, पर्याय नाही. मुरूम फोडू नका. मेडिकलमधून मनाने स्टेरॉइड असलेली 'गोरे करणारी' क्रीम आणून लावू नका. तिने त्वचा पातळ होते आणि मुरूम वाढू शकतात. मुरूम बरे होतात, खोल व्रण मात्र सहजासहजी जात नाहीत.