डोव्हरची सामुद्रधुनी आणि टाकळी हाजीचे रांजणखळगे

इंग्लंडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःची गाडी काढतात आणि फ्रान्सला निघतात. डोव्हरच्या धक्क्यावर गाडी थेट बोटीच्या पोटात शिरते, माणसं जिना चढून वर जातात आणि साधारण दीड तासात पलीकडे कॅले येतं. बोट नको असेल तर फोक्स्टनला गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची. माणसं आपापल्या गाडीतच बसून राहतात आणि ३५ मिनिटांत समुद्राच्या तळाखालून फ्रान्सात पोचतात. फ्रान्सचे अधिकारी पासपोर्ट तपासतात तेही इंग्लंडच्याच भूमीवर, निघण्याआधी. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ब्रिटनचा व्हिसा पुरत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. शिवाय हेडलाइटच्या काचेवर पट्ट्या चिकटवायच्या, कारण डावीकडून चालणाऱ्या गाडीचा प्रकाशझोत उजवीकडून चालवताना समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

एवढी सगळी तयारी कशासाठी? तर मधल्या पाण्यासाठी. सर्वांत अरुंद जागी ते जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. हवा स्वच्छ असली की या काठावरून तो काठ दिसतो. दोन्ही काठांना त्याच पांढऱ्या खडूच्या दगडाचे कडे आहेत. एकाच दगडाच्या या दोन कड्यांमध्ये पाणी शिरलं कसं? हे समजून घ्यायला मला सर्वांत जवळची जागा सापडते ती शिरूर तालुक्यात.

शिरूर-दौंडच्या माणसाला पाण्याची सीमा नवी नाही. दौंडहून शिरूरला निघालात की चौफुला, केडगाव ओलांडून पारगावला भीमेचा पूल लागतो आणि तालुका बदलतो. पुढे न्हावऱ्यावरून शिरूर. तिथे घोडनदीचा पूल ओलांडला की जिल्हाच बदलतो आणि पुणे संपून नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, सुरू होतं. अष्टविनायकांतला रांजणगावचा गणपती शिरूर तालुक्यात. सिद्धटेकचा मात्र भीमेच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात. दौंडकडून सिद्धटेकला जाणारे भाविक पूर्वी शिरापूरला नावेत बसत आणि नदी पार करून देवळाशी उतरत. आता पूल आहे आणि गाडी सरळ पलीकडे जाते.

शिरूरहून टाकळी हाजीला गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. गावाजवळून कुकडी वाहते. या काठाला टाकळी हाजी, जिल्हा पुणे. त्या काठाला निघोज, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर. आणि इथे सीमा नुसती वाहत नाही, ती खडकात खोल कोरलेली आहे. नदीचं पात्र काळ्या बेसाल्टचं. त्यात रांजणाएवढे, काही तर विहिरीएवढे खळगे. लोक या जागेला कुंड म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात त्यांना रांजणखळगे म्हटलेलं असतं. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे आणि कुंडावर झुलता पूल. त्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं की पहिला विचार येतो तो हाच, की हे कुणीतरी छिन्नीने केलंय.

हे केलंय पाण्याने आणि गोट्यांनी. पावसाळ्यात पाणी जोरात येतं, खडकातल्या एखाद्या भेगेपाशी किंवा खोलगट जागेत अडखळतं आणि भोवरा तयार होतो. भोवऱ्यात वाळू आणि गोटे अडकतात. ते गरगर फिरतात आणि जात्याच्या पाळीसारखे तळाचा खडक भरडत राहतात. खळगा जितका खोल, तितका गोट्यांना बाहेर पडायला मार्ग कमी, म्हणून तो आणखी खोल जातो. गोटे स्वतःही झिजतात, गोल होतात, संपतात. पुढचा पूर नवे आणून टाकतो. खळग्यांच्या भिंती हाताला गुळगुळीत लागतात, कुठेकुठे फिरत्या पाण्याचे वळसेही तसेच्या तसे उमटलेले दिसतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती याच्या पुढची पायरी. दोन शेजारचे खळगे रुंद होत होत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पातळ होते आणि एक दिवस कोसळते. दोहोंचा मिळून एक मोठा खळगा होतो. मग तिसरा येऊन मिळतो. अशी रांगच्या रांग जोडली गेली की तिची घळ होते आणि नदी त्या घळीतून वाहू लागते. कुंडावर ही सगळी कामं एकाच वेळी चालू दिसतात: नुकता सुरू झालेला वाटीएवढा खळगा, भरात आलेला रांजण, कोसळलेली भिंत, पूर्ण झालेली घळ.

आता परत डोव्हरला जाऊ. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी तिथे समुद्र नव्हता. डोव्हरपासून कॅलेपर्यंत खडूच्या दगडाची सलग डोंगरधार होती आणि इंग्लंडातून फ्रान्सात पायी जाता येत होतं. हिमयुग चालू होतं. उत्तरेकडे बर्फाच्या प्रचंड थराने वाट अडवली होती, त्यामुळे थेम्स, ऱ्हाईन अशा नद्यांचं पाणी साचून धारेच्या मागे अफाट सरोवर झालं. ते भरलं आणि धारेवरून ओसंडलं. एका जागी नाही, रांगेने अनेक ठिकाणी धबधबे कोसळू लागले आणि प्रत्येकाने आपल्या पायथ्याशी खड्डा खणला. धार झिजत गेली, खचली. नंतर आणखी एका मोठ्या लोंढ्याने उरलेली खिंड खोल केली. बर्फ वितळून समुद्र वर आला तेव्हा त्याला वाट तयार होती. ब्रिटन शेवटचं तुटलं ते सुमारे ८,००० वर्षांपूर्वी.

हे खड्डे आजही समुद्रतळाखाली आहेत, गाळाने भरलेले. काही कित्येक किलोमीटर रुंद आणि १४० मीटरपर्यंत खोल. बोगद्यासाठी १९६०च्या दशकात तळाची पाहणी झाली तेव्हा एकसंध दगडाच्या मध्येच हा सैल भराव लागला आणि अभियंते चक्रावले. पुढे बोगद्याची आखणी या खड्ड्यांना वळसा घालून करावी लागली. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही बाजूंचे कामगार समुद्राखाली एकमेकांना भेटले, ६ मे १९९४ रोजी बोगद्याचं उद्घाटन झालं. खड्डे धबधब्यांनीच खणले, याचा भक्कम पुरावा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले संजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडला. फोक्स्टनहून गाडीसकट निघालेलं कुटुंब म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या धबधब्यांच्या पायथ्याला वळसा घालून फ्रान्सात जात असतं.

दोन्हींत फरक आहे आणि तो मोठा आहे. तिथे कोसळणाऱ्या पाण्याने खणलं, इथे गरगरणाऱ्या. तिथे एक अख्खं सरोवर रिकामं झालं, इथे एक नदी दर पावसाळ्यात थोडं थोडं काम करते. दगडही वेगळा. डोव्हरचा खडू सूक्ष्म समुद्री शेवाळाच्या कवचांचा, इतका मऊ की बोटाला पांढरा लागतो. आपला बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जगात खडूचे ते जाड थर साचण्याचं युग संपत आलं, नेमक्या त्याच सुमाराला दख्खनवर हा लाव्हा पसरत होता. असा कठीण दगडही कुकडीने पोखरलाय, म्हणून मला टाकळी हाजीचं काम डोव्हरपेक्षा जास्त नवलाचं वाटतं. ते पाहायला व्हिसा लागत नाही, ही तर आपली चैनच.

कुंडावरून निघालेलं पाणी पुढे घोड नदीला मिळतं आणि घोड दौंडजवळ भीमेला. शिरूर आणि दौंडच्या शाळांनी आपली भूगोलाची सहल इथे न्यावी असं मला मनापासून वाटतं. जायचं ते उन्हाळ्यात, पात्रातलं पाणी उतरल्यावर. वर धरणं असल्याने पाणी सोडलं आहे का याची गावात चौकशी करा आणि मगच पात्रात उतरा. ओल्या खडकावर पाय ठरत नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नका. खळग्यात बाटल्या, पिशव्या टाकू नका. आणि तळाशी दिसणारे गोल गोटे आठवण म्हणून उचलून आणू नका, येत्या पावसाळ्यात त्यांना तिथे काम आहे.