जुलाब घ्यावा, पण जाणतेपणाने

पोटाचे कोणतेही दुखणे एका जुलाबाने धुऊन निघते, असा समज आपल्या कित्येक कुटुंबांत अजूनही दृढ आहे. महिन्यातून एकदा मुलांना ओळीने बसवून एरंडेल पाजण्याची रीत पूर्वीच्या आजीबाईंनी मोठ्या मायेने पाळली. त्या मायेविषयी शंका नाही. परंतु निरोगी मुलाला असल्या मासिक जुलाबाची मुळीच गरज नसते. औषध गरजेसाठी असते, रिवाजासाठी नव्हे.

प्रथम बद्धकोष्ठ कशास म्हणावे, ते पाहू. रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. कोणी दिवसातून दोन-तीनदा जातो, कोणी एका दिवसाआड. दोघेही निरोगी असू शकतात. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ खड्यासारखा कठीण असणे, फार कुंथावे लागणे, ही बद्धकोष्ठाची लक्षणे होत. केवळ आईच्या दुधावर असलेले, दीड-दोन महिने उलटलेले तान्हे मूल कधी कधी चार-पाच दिवसही शौच करीत नाही. ते नीट पीत असेल, त्याचे वजन वाढत असेल आणि शौच मऊ होत असेल, तर त्यास काहीही पाजू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पोटात तीव्र कळा येत असतील, वांत्या होत असतील, ताप असेल, पोट फुगून वाराही सरत नसेल अथवा शौचावाटे रक्त जात असेल, तर जुलाब कदापि देऊ नये. अशा वेळी आंत्रपुच्छास, म्हणजे अपेंडिक्सला, सूज आलेली असू शकते किंवा आतड्यास अडथळा झालेला असू शकतो. जुलाबाने आतडे जोराने आकुंचन पावते आणि सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. अशा रोग्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब इस्पितळात न्यावे.

साधे बद्धकोष्ठ असेल, तर आरंभ स्वयंपाकघरातून करावा. पालेभाज्या, कडधान्ये, पेरू, पपई, कोंड्यासह दळलेल्या पिठाची भाकरी आणि पुरेसे पाणी यांनी पुष्कळांचे काम भागते. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल स्वभावतः वाढते. म्हणून त्या वेळी घाई न करता शौचास बसावे, व वेग आल्यास तो दाबू नये.

एवढ्याने न भागल्यास सारक औषध घ्यावे. इसबगोलाचा भुसा हा त्यांतील सौम्य होय. गुजरात व राजस्थान येथे पिकणाऱ्या या वनस्पतीच्या बियांचे साल पाणी शोषून फुगते आणि मळ मऊ करते. म्हणूनच ते मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे व वर आणखी पाणी घ्यावे. कोरडे घेतल्यास ते घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. ज्यास गिळण्यास त्रास होतो, त्याने ते घेऊ नये. अगदी निजण्यापूर्वीही घेऊ नये. गुण येण्यास दोन-तीन दिवस लागतात. तोवर धीर धरावा, मात्रा वाढवू नये.

लॅक्ट्युलोजचे पातळ औषध आतड्यात पाणी ओढून घेते. त्यासही दोन दिवस लागतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया काही तासांतच काम करते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. सोनामुखी व बिसाकोडिल ही आतड्यास चालना देणारी औषधे होत. रात्री घेतल्यास सहा ते बारा तासांत परिणाम दिसतो. बिसाकोडिलची गोळी अखंड गिळावी, चघळू नये आणि दुधासोबत घेऊ नये. कारण तिच्यावरील आवरण जठरात विरघळले तर पोटात मुरडा येतो. कोणतेही औषध घेताना वेष्टनावरील मात्रा ओलांडू नये.

गर्भवतीने एरंडेल घेऊ नये. त्याने गर्भाशयास कळा येऊ शकतात. मुले, गर्भवती व वृद्ध यांस कोणतेही सारक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. जुलाब फार झाल्यास शरीरातील पाणी व क्षार घटून ग्लानी येते, आणि वृद्धांस ते विशेष घातक ठरते.

एक आठवडा औषध घेऊनही गुण नसेल, तर कारण शोधणे प्राप्त आहे. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, थायरॉइडचा विकार यांमुळेही बद्धकोष्ठ होते. पन्नाशीनंतर शौचाची सवय अकस्मात बदलली, वजन घटले किंवा रक्त दिसले, तर ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. पुष्कळजण केवळ लाजेपोटी हे दुखणे सांगत नाहीत आणि महिनोन्‌महिने जुलाबावर दिवस काढतात. घरातील वडीलधाऱ्यांना याविषयी मोकळेपणाने विचारावे. वेळीच केलेली ही चौकशी एखाद्याचे प्राण वाचवू शकते.