मिशनच्या जुन्या जीपचा हिशेब

गेल्या अंकात वाहननिधीचे आवाहन छापल्यावर दोन प्रकारची पत्रे आली. अकोल्याच्या एका भगिनीने विचारले, "दर दोन महिन्यांनी गॅरेजला पैसे देता, त्यापेक्षा एकदाच नवी गाडी का घेत नाही?" अमरावतीच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंचा प्रश्न याच्या उलट होता: "औषधाला पैसे कमी पडतात म्हणता, मग नव्या गाडीची हौस कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वाहनाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मीच लिहितो आहे. ज्यांच्या दारात बारा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, त्यांनाही यातले काही कामी येईल.

आपली डिझेल जीप सात आसनांची, एमएच-27 पासिंगची. 2011 च्या जून महिन्यात ती घेतली. आज मीटरवर 3 लाख 37 हजार किलोमीटर आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी 22 ते 23 हजार. पण हा आकडा एकटा फारसे सांगत नाही. अमरावती-अकोला रस्त्यावर इतके किलोमीटर झालेली गाडी आणि परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारी गाडी यांची झीज सारखी नसते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन तासन्‌तास ओढते, उतरताना ब्रेक तापतात, आणि जारिदा, हतरूकडच्या रस्त्यावर पाटे व बुश यांना विश्रांती कशी ती मिळत नाही. त्यात आमचा उन्हाळा. पारा 45 च्या पुढे गेला की रेडिएटरची परीक्षा सुरू होते. एका बाबतीत मात्र वऱ्हाडच्या गाड्या नशीबवान आहेत: कोकणातल्या गाडीला खारी हवा जशी खाते, तशी ती इथे खात नाही. पंधरा वर्षांच्या जीपचे पत्रे अजून धड आहेत.

डिझेल इंजिनाची तब्येत ओळखायला काही साध्या खुणा आहेत. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजले असावेत. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर असते, आणि तो खर्च तुलनेने किरकोळ. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट पाहावे लागते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल करून पाहिले की आतून जोराने भपकारा येतो का तेही कळते. आपल्या जीपला निळा धूर आहे, भपकाराही आहे. हजार किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑइल ती पिते. इंजिनाचे काम आले आहे, यात दुमत नव्हते.

परतवाड्याच्या मिस्त्रींनी अंदाज दिला तो असा: इंजिन बांधणी 92,000, क्लच 16,000, पाटे-बुश-शॉकअ‍ॅब्सॉर्बर 26,000, रेडिएटर 9,000 आणि पाच टायर 33,000. एकूण 1,76,000 रुपये. खेरीज जूनमध्ये 15 वर्षे पूर्ण होत असल्याने आरसी बुकाची मुदत संपते. मोटार वाहन कायद्यानुसार ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, पण आरटीओत गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले आहे. (दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते असे अनेकांना वाटते. तो नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागापुरता आहे, महाराष्ट्राला तो लागू नाही.)

आता गाडीची बाजारातली किंमत लाख-सव्वालाख आणि दुरुस्ती पावणेदोन लाख, म्हणून दुरुस्ती मूर्खपणाची, असे समितीच्या बैठकीत एका सदस्याने मांडले. ही तुलना मला कधीच पटलेली नाही. आपण गाडी विकायला बसलेलो नाही, ती चालवायला बसलो आहोत. विचारायचे ते असे की तेच काम दुसऱ्या मार्गाने करायला वर्षाला किती पडेल. म्हणून मी कागदावर मांडून पाहिले. एवढ्या दुरुस्तीनंतर गाडी तीन वर्षे काढेल असे धरले, तर वर्षाला 59,000 आणि चालू देखभाल 45,000, असे 1,04,000 होतात. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साधारण 11 लाख. ती पंधरा वर्षे चालवायची तर वर्षाचे 73,000, सर्व्हिसिंग 25,000 आणि वाढीव विमा 25,000. पण जुनी गाडी लिटरला 11 किलोमीटर देते आणि नवी 14 देईल असे धरले, तर 22,000 किलोमीटरला 429 लिटर डिझेल वाचते. डिझेल नव्वद रुपये धरले तरी ती बचत 38,000 च्या वर जाते. म्हणजे नवी गाडी वर्षाला 85,000 च्या आसपास पडते. फरक 20,000 च्या आत आला. मात्र नव्या गाडीचे 11 लाख आधी हातात हवेत, आणि औषधांसाठी व वसतिगृहासाठी आलेली देणगी त्याच कामाला लावायची हा आपला नियम आहे.

पैशाने निकाल लागला नाही, तेव्हा मी ड्रायव्हरची वही उघडली. गेल्या वर्षी जीप 31 दिवस गॅरेजमध्ये उभी होती आणि त्यापायी जारिदा-हतरू भागातले 11 दवाखान्याचे दिवस चुकले. अडलेल्या रुग्णासाठी 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, हे खरे. तिचा मेळघाटाला मोठा आधार आहे. पण खोकल्याच्या गोळ्या, क्षयाच्या रुग्णाची विचारपूस, बाळाचे वजन यासाठी 108 ला फोन करायचा नसतो, आणि कितीतरी पाड्यांत फोनला रेंजच नसते. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी झाडाखाली येऊन बसलेल्या कोरकू आया गाडी न दिसल्यावर दुपारी उठून जातात. दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी त्या येत नाहीत. हा तोटा माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तरीही पुढची गोष्ट घडली नसती तर मी दुरुस्तीच्याच बाजूने मत दिले असते. इंजिन खोलण्याआधी गाडी खड्ड्यावर घेऊन चासी तपासावी असा आग्रह मी धरला होता. मिस्त्रींनी मागच्या पाट्याच्या हँगरजवळचा चिखल खरवडला, हातोडीने ठोकून पाहिले आणि बॅटरी धरली. जुन्या वेल्डिंगच्या शेजारी बोटभर लांबीची नवी तडा होती. ते म्हणाले, "इंजिन त बनून जाईन भाऊ, पण चासी तडकली हाये. म्या त घाटात नेली नसती." पत्रा सडला तर ठिगळ लावता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी एकदा वेल्ड झाली आणि त्याच्याच बाजूला पुन्हा तडकली, की पुढची तडा कुठल्या वळणावर जाईल हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय या जीपला ना एबीएस, ना एअरबॅग. नव्या मोटारींना एबीएस एप्रिल 2019 पासून सक्तीचे झाले, त्याच्या कितीतरी आधीची ही गाडी.

आपल्याकडच्या शकुंतलेची इथे आठवण होते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेजवर मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून धावत होते. ते डिझेलला जागा देऊन निवृत्त झाले 15 एप्रिल 1994 रोजी. सत्तर वर्षे! सांभाळणारे हात असले की इंजिन किती टिकते याचा याहून मोठा दाखला वऱ्हाडात नाही. पण रुळांची अवस्था अशी झाली की गाडीला रांगतच जावे लागे, आणि शेवटी डिझेल इंजिन असूनही मार्ग थांबला. लोक बोलतात इंजिनाबद्दल. खालचा सांगाडा कोणी वाकून पाहत नाही.

तेव्हा समितीने बदलण्याचा ठराव केला. पाच वर्षे वापरलेल्या दोन गाड्या अमरावतीत पाहिल्या. एकीच्या सीटची आणि पेडलची झीज मीटरवरच्या किलोमीटरशी जुळेना, म्हणून तो विचार सोडला. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. पूर्वी 28 टक्के आणि वर 3 टक्के अधिभार होता. त्यामुळे नवी गाडी आवाक्याच्या थोडी जवळ आली. एक शंका मिस्त्रींनी काढली ती मात्र नोंदवण्यासारखी आहे. बीएस-सहाच्या डिझेल गाड्यांत धुराच्या मार्गावर काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी कायम हळू आणि थोडेच अंतर चालली की ती तुंबते; अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळाली की साठलेली काजळी जळून जाते. नुसती धारणीतच फिरणारी गाडी असती तर मी दोनदा विचार केला असता. आपली गाडी दर आठवड्याला अमरावती-परतवाडा हा पन्नासेक किलोमीटरचा सपाट रस्ता धरते, तेवढे पुरावे. आणि संस्थेच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी रोड टॅक्स किती लागेल हे बुकिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्यावे. खासगी व्यक्तीचा दर धरून चालू नये.

राहिला जुन्या जीपचा प्रश्न, आणि बैठकीतला खरा वाद त्यावरच झाला. एक गिऱ्हाईक 1,30,000 द्यायला तयार होते. नोंदणीकृत भंगार केंद्र 48,000 देते. बाजाराच्या दिवशी त्या घाटात कशा गाड्या धावतात हे आपण सगळे जाणतो: आत चौदा माणसे, टपावर पोती, मागे लटकलेली दोन पोरे. हीच जीप रंग देऊन तिथे उभी राहिली असती, आणि तिच्यात बसणारी माणसे आपल्याच दवाखान्यातली असती. तडा गिऱ्हाइकाला दाखवून विकू, मग जबाबदारी त्याची, असे एक मत होते. पण बसणाऱ्या माणसाला ती तडा कोण दाखवणार? चर्चा तासभर चालली. शेवटी पाचास दोन मतांनी भंगार केंद्राचा ठराव झाला आणि 82,000 रुपये आपण सोडले. त्या केंद्राकडून गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमांत खासगी वाहनाला ती 25 टक्क्यांपर्यंत ठेवता येते, प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवते. 82,000 त्यातून पूर्ण भरून निघणार नाहीत, हे विरोधात मत देणाऱ्या दोघांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते इतिवृत्तात तसेच लिहिले आहे.

वाहननिधीत आजपर्यंत 6,40,000 रुपये जमले आहेत. जीप आता घाटात जात नाही. जारिद्याचा दवाखाना महिन्यातून दोनदा भाड्याच्या गाडीने सुरू ठेवला आहे, हतरूचा सध्या बंद आहे. नवी गाडी पावसाळ्याआधी यावी अशी खटपट चालू आहे. कोटेशन, कराची पावती आणि भंगार केंद्राचा दाखला यांचा हिशेब पुढच्या अंकात छापू.