दिल्ली? नको रे बाबा!

शहर बदनाम आहे म्हणून तिथे जायचंच नाही? की त्या बदनामीतलं खरं किती आणि आपल्या वाट्याला येणारं किती, हे आधी बघायचं?

कॉलेजची यादी लागते, ऑफर लेटर येतं किंवा यूपीएससीच्या तयारीला जायचं ठरतं. शहर असतं दिल्ली. तुम्ही घरात सांगता आणि पुढचे दोन दिवस सगळे नातेवाईक कामाला लागतात. मामा म्हणतात, 'तिथली हवा म्हणजे विष आहे.' आत्या म्हणते, 'पोरीला? आणि दिल्लीला? डोकं ठिकाणावर आहे ना?' शेजारचे काका पंधरा वर्षांपूर्वी वैष्णोदेवीला जाताना दिल्ली स्टेशनवर चार तास बसलेले असतात आणि त्या चार तासांत त्यांचं पाकीट गेलेलं असतं. मित्रांच्या ग्रुपवर धुरात हरवलेल्या इंडिया गेटचा फोटो येतो. खाली दहा जण हसण्याचे इमोजी टाकतात.

गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. हवा खराब आहे, पाकीट गेलं होतं, आत्याची काळजीही खरी आहे. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून तुमच्या हातात दिलं जातं आणि विचारलं जातं, आता सांग, जाणार का? गाठोडं न सोडता उत्तर दिलं तर ते हमखास चुकतं. मग ते 'हो' असो नाहीतर 'नको'.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. शहरांचं नेमकं उलटं असतं, दुरून ती भेसूरच दिसतात. गडचिरोलीच्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईत त्यांनी जिल्ह्याचं नाव सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न कुठला विचारतो, हे त्यांना पाठ असतं. आपल्या गावाबद्दल लोक किती कमी माहितीवर बोलतात हे ज्याला कळतं, त्याने दुसऱ्याच्या शहराबद्दल तीच चूक करू नये.

आकडा खरा, पण तो सांगतो काय?

सुरुवात सगळ्यात अवघड मुद्द्यापासून करू. मुलींची सुरक्षितता. डिसेंबर २०१२ नंतर दिल्लीच्या नावाला जो डाग लागला तो पुसला गेलेला नाही आणि त्याला 'मीडियाने वाढवलं' म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महिलांवरील गुन्ह्यांचा दर देशात दिल्लीत सर्वाधिक होता. दर एक लाख महिलांमागे १४४.४. देशाची सरासरी होती ६६.४. म्हणजे दुपटीहून जास्त.

आता याच विभागाने आपल्या अहवालात दिलेला एक इशारा वाचा. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते स्वतःच सांगतात. जिथे तक्रार करायला माणूस धजावतो आणि पोलीस ती लिहून घेतात, तिथला आकडा फुगतो. जिथे 'घराची अब्रू' म्हणून प्रकरण दाबलं जातं, तिथला आकडा छान दिसतो. याचा अर्थ दिल्ली सुरक्षित आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच की आकडा कमी असलेलं तुमचं गाव आपोआप सुरक्षित ठरत नाही.

त्याच आकडेवारीतली दुसरी गोष्ट तर घरात कुणी बोलतच नाही. देशभरात बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा कुणीतरी. बदनामी आपल्याला अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती घालते. ती भीती निराधार नाही, बसमधली छेडछाड, मागे लागणं हे रोजचं आहे आणि त्यातलं फारसं कुठे नोंदलंही जात नाही. पण रूम बघून देणारा गोडबोल्या एजंट, 'काही लागलं तर हक्काने सांग' म्हणणारा सीनियर, चावी स्वतःकडे ठेवणारा घरमालक, यांच्याकडेही तितक्याच सावधपणे बघायला हवं. आणि ही सावधगिरी नांदेडलाही लागते, नाशिकलाही.

भीतीचंही बिल येतं

'नको जाऊस' म्हणणं सगळ्यांना फुकटचं वाटतं. ते फुकट नसतं.

गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा याच प्रश्नावर अभ्यास केला. मुली कॉलेज कसं निवडतात? उत्तर अस्वस्थ करणारं आहे. येण्याजाण्याचा रस्ता जास्त सुरक्षित वाटत असेल, तर चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असूनही मुली खालच्या दर्जाचं कॉलेज घ्यायला तयार होतात. सुरक्षित रस्त्यासाठी मुलांपेक्षा वर्षाला हजारो रुपये जास्त मोजायलाही तयार होतात. लक्षात घ्या, या दिल्लीतच राहणाऱ्या मुली आहेत, शहर चांगलं ओळखणाऱ्या.

म्हणजे भीतीपोटी सोडलेलं कॉलेज, नाकारलेली नोकरी, बदललेली शाखा यांची किंमत असतेच. ती पुढची वीस वर्षं पगारातून आणि आत्मविश्वासातून वळती होत राहते, म्हणून दिसत नाही. 'घाबरू नकोस, जा' असं मुलीला सांगून मोकळं होणं हा याच्यावरचा उपाय नाही. पण जाण्याचे धोके मोजताना न जाण्याचा तोटाही त्याच कागदावर मांडायला हवा, हे घरच्यांना सांगायची वेळ आली आहे.

हवा मात्र कुणालाच सोडत नाही

गुन्ह्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. वस्ती, वेळ, प्रवास यानुसार तो बदलतो. हवेचं तसं नाही. बंगल्यात राहा की दहा बाय दहाच्या खोलीत, नाक सगळ्यांना एकच.

हवेच्या निर्देशांकाची आपली सरकारी मोजपट्टी ५०० ला संपते. ४०१ च्या पुढची हवा सगळ्यात वाईट गटात धरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीचा आकडा ४९० च्या वर गेला होता. इथे बदनामी खरी आहे, किंबहुना थोडी कमीच आहे. पण ती बारा महिने सारखी नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत थंड हवा जमिनीलगत दबून राहते, वारा पडतो आणि वाहनं, बांधकामं, फटाके, आजूबाजूच्या राज्यांत जाळलेला पेंढा हे सगळं तिथेच साचतं. पावसाळ्यात हीच दिल्ली बरीच मोकळा श्वास घेते.

नेमकी इथेच गफलत होते. कॉलेजं जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. तुम्ही जाता, निळं आकाश बघता, घरी फोटो पाठवता आणि 'लोक उगाच बोलतात' म्हणता. मग येतो नोव्हेंबर.

तुम्हाला दमा असेल, लहानपणापासून छातीचा त्रास असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवा. आधी डॉक्टरांशी बोला. त्यांनी नको म्हटलं तर 'नको' हेच शहाणपणाचं उत्तर आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. तब्येत ठणठणीत असेल, तर हिवाळ्याचा वेगळा खर्च धरा. चांगले मास्क, जमल्यास दोघा-तिघांत मिळून एक एअर प्युरिफायर. आणि प्रश्न दोन वर्षांच्या कोर्सचा आहे की तिथेच संसार थाटायचा आहे, हेही वेगळं करा. दोन हिवाळे आणि वीस हिवाळे यांत फरक आहे.

ज्याबद्दल कुणी सावध केलंच नाही

आता एक गोष्ट बघा. जून २०२३ मध्ये मुखर्जीनगरात एका कोचिंगच्या इमारतीला आग लागली. मुलं-मुली दोराला, वायरींना लोंबकळत खिडकीतून खाली उतरली. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्रनगरात मुसळधार पावसाचं पाणी एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत शिरलं आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला.

ही दोन्ही ठिकाणं यूपीएससीवाल्यांची पंढरी. हजारो मराठी मुलंमुली तिथे राहून गेली, आजही राहतात. त्यांना निघताना गुन्हेगारीबद्दल सांगणारे खूप भेटले असतील. तळघरात अभ्यासाला बसू नकोस, इमारतीला दुसरा जिना आहे का बघ, असं कुणी सांगितलं असेल का?

बदनामीचा हा खरा तोटा आहे. ती एका दिशेला इतकं बोट दाखवते की दुसरीकडून येणारं दिसतच नाही.

आपण शहरात नाही, गल्लीत राहतो

'दिल्लीत नोकरी लागली' असं आपण म्हणतो, पण ऑफिस असतं गुरुग्रामला किंवा नोएडाला. गुरुग्राम हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात. पोलीस वेगळे, नियम वेगळे, रिक्षा-बसची सोय वेगळी. दिल्ली मेट्रो दोन्हीकडे जाते, तिचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, पण रात्री अकराच्या आसपास ती थांबते. तुमची शिफ्ट साडेअकराला सुटत असेल तर 'दिल्ली कशी आहे' हा प्रश्नच गौण. कंपनी घरापर्यंत गाडी देते का, हा खरा प्रश्न.

म्हणून चौकशी करताना 'दिल्ली सेफ आहे का हो?' असं विचारूच नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. हे विचारा:

– मेट्रो स्टेशनपासून रूमपर्यंत पायी किती मिनिटं? रात्री नऊला त्या रस्त्यावर दुकानं उघडी असतात का?

– इमारतीला बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? खोलीला उघडणारी खिडकी आहे का?

– विजेचं बिल मीटरप्रमाणे की मालक लावेल त्या दराने? डिपॉझिट परत मिळाल्याचं आधीचे भाडेकरू सांगतात का?

– पावसात गल्लीत पाणी किती साचतं?

– डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. गरम पाण्याची सोय काय?

आणि विचारायचं कुणाला? निदान एक हिवाळा तिथे काढलेल्याला, तुमच्याच वयाच्या, तुमच्याच वाटेने रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला. मुलगी असाल तर मुलीलाच. शक्यतो अशा दोघांना, एक जो तिथे रमलाय आणि एक जो सोडून आलाय. सोडून आलेल्याने कशामुळे सोडलं हे नीट ऐका. बहुतेकदा कारण शहर नसतंच, पैसे संपलेले असतात किंवा एकटेपणा झेपलेला नसतो.

आणि ते 'तिकडचे लोक'?

'दिल्लीवाले उद्धट, दिखाऊ, अंगावर येणारे.' असेल. पुण्याबद्दल बाहेरचे काय म्हणतात ते आपण पाट्यांचे विनोद म्हणून हसत सांगतोच की. मोठ्या आवाजात बोलणं म्हणजे भांडण नव्हे, हे कळायला महिना जातो. बोलण्याची ढब शिकता येते. हवा शिकून बदलत नाही. म्हणून स्वभावाच्या बदनामीला यादीत सगळ्यात खाली टाका.

शिवाय तुम्ही पहिले नाही. पहाडगंज भागात मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. गणपतीत आरतीला उभं राहिलात तर शेजारी कोल्हापूरचा कुणीतरी भेटतोच. पहिल्या महिन्यात अशी दोन-चार माणसं जोडली की अर्धं शहर कमी परकं वाटतं.

मग ठरवायचं कसं?

एक कागद घ्या. जे जे ऐकलं ते सगळं लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा. सगळ्यांनाच भोगावं लागणारं, जागा आणि वेळ नीट निवडून टाळता येणारं, आणि नुसतंच सांगोवांगीचं. तिसरं खोडा. दुसऱ्यासमोर उपाय आणि त्याचा खर्च लिहा. पहिलं तुम्हाला, तुमच्या शरीराला आणि तुमच्या घराला झेपेल का, हे प्रामाणिकपणे ठरवा. आणि खाली एक ओळ लिहा, गेलो नाही तर काय हुकेल?

जमलं तर हा कागद आई-बाबांसमोर ठेवा. 'सगळेच जातात, मलाही जाऊ द्या' याने वाद होतात. 'स्टेशनपासून सहा मिनिटं, दोन मुलींसोबत खोली, ऑफिसची गाडी दारापर्यंत, दिवाळीनंतर दोन महिन्यांसाठी हा खर्च' असं मांडलं की बोलणं सुरू होतं. शक्य असेल तर बाबांना घेऊन तीन दिवस जाऊन या, आणि सोय असेल तर नोव्हेंबरमध्येच जा. शहर सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा बघितलेलं बरं.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं आपल्याकडे म्हणतात. त्या दोन्हींच्या मध्ये तपासण्याचं काम असतं आणि ते दुसरं कुणी करून देत नाही. तपासून 'नको' आलं तर तो घाबरटपणा नाही. तपासून 'हो' आलं तर तो आगाऊपणाही नाही. तिकीट काढायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.