शंभर वर्षांनी काढलेला बिल्ला कशाचा पुरावा असतो?

संशोधनाच्या तयारीत असलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "बिल्ले, मग, टी-शर्ट असल्या स्मरणवस्तूंवर प्रबंध कसा लिहिणार? हा तर विकायचा माल. साधन म्हणून चालतो का?" चालतो. फक्त ते साधन कोणत्या काळाचं आहे, हे आधी ठरवावं लागतं. आज आयर्लंडचं एक उदाहरण घेऊन हे बघू.

थोडी पार्श्वभूमी

24 एप्रिल 1916, ईस्टरनंतरचा सोमवार. डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला आणि आठवड्याभरात मोडला गेला. उठाव करणाऱ्यांत मोठा गट आयरिश व्हॉलंटिअर्सचा होता. त्यांच्यासोबत दोनशेच्या आसपास माणसं होती सिटिझन आर्मीची. ही कामगारांची फौज. तिचा जन्म 1913 च्या टाळेबंदीतला. त्या वेळी डब्लिनच्या मालकांनी एकजूट करून कामगारांना सांगितलं, की जेम्स लार्किनच्या ट्रान्सपोर्ट युनियनशी संबंध नाही असं लिहून द्या. सुमारे वीस हजार कामगार त्यात भरडले गेले. पोलिसांच्या लाठ्यांपासून बचाव म्हणून ही फौज उभी राहिली. पुढे तिचं नेतृत्व जेम्स कॉनोलीकडे आलं. उठावाचा जाहीरनामा युनियनच्याच इमारतीत, लिबर्टी हॉलमध्ये छापला गेला. 12 मे 1916 रोजी जखमी कॉनोलीला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या.

2016 मध्ये शताब्दी आली. सरकारनं दोन युरोचं खास नाणं काढलं. त्यावर आहे हायबर्निया, म्हणजे स्त्रीरूपातलं आयर्लंड. तिचा पुतळा डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसवर आहे आणि उठावाचं मुख्य ठाणं तेच होतं. कामगार संघटनांनीही आपले बिल्ले, झेंडे, पोस्टर काढले. त्यांवर दिसतात कॉनोली, नांगर आणि लाल पंजा. उठाव एकच, पण कामगारांच्या वस्तू सांगतात, 'यात आमचाही वाटा आहे.' हा दावा तपासायचा, तर वस्तूला तीन प्रश्न विचारायचे.

1. चिन्ह कुठून आलं?

लाल पंजा हे अल्स्टर प्रांताचं जुनं चिन्ह. ट्रान्सपोर्ट युनियननं ते आपल्या बिल्ल्यावर घेतलं. 1913 मध्ये हा बिल्ला शोभेचा नव्हता. तो काढायला नकार दिला म्हणून कामगार स्त्रियांची नोकरी गेली. म्हणजे शताब्दीचा बिल्ला ज्या बिल्ल्याची आठवण करून देतो, तो लावण्याची किंमत मोजावी लागत होती. 2016 चा बिल्ला कुणीही विकत घेऊन लावू शकतो. आकार तोच, काम बदललं.

नांगराचं उदाहरण आणखी बोलकं आहे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या ताऱ्यांना आयर्लंडमध्ये 'प्लाऊ', म्हणजे नांगर म्हणतात. सिटिझन आर्मीच्या 1914 च्या झेंड्यावर हे सात तारे आणि एक सोनेरी नांगर होता, नांगराला फाळाच्या जागी तलवार. झेंड्याचा रंग हिरवा. उठावात तो इम्पीरियल हॉटेलवर फडकला. हॉटेलचा मालक विल्यम मार्टिन मर्फी, टाळेबंदीतला मालकांचा पुढारी! निळ्या कापडावर नुसते सात तारे, हे रूप मात्र 1930 च्या दशकातल्या डाव्या चळवळीतून आलं. त्यामुळे एखाद्या स्मरणवस्तूवर '1916' लिहिलंय आणि पार्श्वभूमी निळी आहे, तर ती 1916 कडे मधल्या पिढीच्या नजरेतून बघते आहे. हे सहज निसटतं, म्हणून नोंद करताना रंग लिहायलाच हवा.

2. तारीख कोणती?

उठाव 24 एप्रिलला झाला, पण शताब्दीचं मुख्य सरकारी संचलन 27 मार्च 2016 ला झालं, कारण त्या वर्षी ईस्टरचा रविवार तेव्हा आला. म्हणजे आठवण चर्चच्या पंचांगाप्रमाणे ठेवायची की इंग्रजी तारखेप्रमाणे, हीसुद्धा निवड आहे. वस्तूवर तारीख, ईस्टर की नुसतं साल, हे पाहून ती कोणत्या सोहळ्याशी जोडली जाते याचा अंदाज येतो.

3. कोण दिसत नाही?

खरी मेख इथे आहे. युनियन म्हणून युनियन उठावात उतरली नव्हती. उतरली ती सिटिझन आर्मी. त्याच काळात डब्लिनचे कितीतरी कामगार ब्रिटिश सैन्यात भरती होऊन पहिल्या महायुद्धात लढत होते. ऑगस्ट 1916 मध्ये, उठावानंतर चारच महिन्यांनी, स्लायगो गावात आयरिश ट्रेड युनियन काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष थॉमस जॉन्सन यांनी प्रतिनिधींना उभं राहून श्रद्धांजली वाहायला सांगितलं, ती कॉनोली आणि त्याच्या साथीदारांना, तसंच महायुद्धात पडलेल्या कामगारांनाही. उठाव बरोबर की चूक, यावर काँग्रेसनं भूमिका घेतली नाही. तिच्यात बेलफास्टचे कामगारही होते. संघटना फुटू द्यायची नव्हती.

आता 2016 चा बिल्ला पुन्हा पाहा. त्यावर कॉनोली आहे. खंदकात मेलेला कामगार नाही. चार महिन्यांनंतरच्या आठवणीत जो होता, तो शंभर वर्षांनंतरच्या बिल्ल्यावर नाही. पण म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही. 1916 मध्ये काय घडलं याचा तो कच्चा पुरावा आहे. 2016 मधल्या संघटनांना स्वतःचा इतिहास कसा सांगावासा वाटला, याचा मात्र पक्का पुरावा आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

संशोधन प्रश्न लिहिताना 'या वस्तूंमधून उठावाचा इतिहास' असं लिहू नका. 'या वस्तूंमधून उठावाची कोणती आठवण निवडली गेली' असं लिहा. मग प्रत्येक वस्तूची नोंद करा: कुणी काढली, कधी, कुणासाठी, विकली की वाटली, चिन्ह कोणतं, रंग कोणता. शेजारी घटनेच्या जवळच्या काळातलं एक तरी साधन ठेवा, इथे जसं स्लायगोचं अधिवेशन. ही तुलना नसेल, तर हाती उरते ती वस्तूंची यादी. विश्लेषण सुरू होतं ते दोन्हींत फरक दिसला की.