माळ्यावरच्या टोपाचा हिशेब

शब-ए-बरात झाली की रमजानला जेमतेम पंधरा दिवस उरतात आणि चिंचवडच्या लहान घरांतले माळे खाली उतरू लागतात. डबे घासले जातात, भिंतीवरची स्टीलची मांडणी काढून धुतली जाते, पडदे बदलतात, गोधड्या उन्हात पडतात. सध्या काही वर्षे रमजान थंडीच्या शेवटाला येत असल्याने रजया धुऊन गुंडाळून ठेवण्याचे कामही याच आठवड्यात उरकते. शेजारच्या घरात दिवाळीआधी जे चालते, तेच हे. स्टूल एकाच घरचे असते आणि दोन्ही सणांना ते दोन्ही घरांत फिरते. शेवटही दोन्हीकडे बहुधा सारखाच होतो. खाली उतरलेले सामान पुसले जाते आणि जसेच्या तसे पुन्हा वर चढते.

या शहरातल्या घरांचा आकार कारखान्यांनी ठरवला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, पाठोपाठ वाहनांचे मोठे कारखाने आले आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, शिवाय उत्तर भारतातून माणसे येत राहिली. कामगारांना घरासाठी जागा मिळावी म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण प्लॉट सगळ्यांच्या वाट्याला आले नाहीत. बाकीच्यांनी दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली आणि त्यातच संसार मांडला. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारे घरही कित्येक वर्षे २६९ चौरस फुटांचेच होते.

दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. त्यात कॉटला २४, ओट्याला १२, शिलाई मशीनला ६, कपाटाला ५ आणि फ्रिजला ४ चौरस फूट धरले, तर जमीन उरते ६९ चौरस फूट. एवढ्या जमिनीवर रमजानमध्ये दिवसभर काय काय होते ते पाहावे. पहाटे सहरीचे ताट मांडले जाते. मग नमाजसाठी जानमाज अंथरली जाते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी तिथेच आडवा होतो. दुपारी मुले दप्तर पसरून अभ्यासाला बसतात, परीक्षेचे दिवस असतात. संध्याकाळी त्याच जागेवर दस्तरखान पसरून इफ्तार होते आणि रात्री अंथरुणे पडतात. अशा घरात रिकामी फरशी हीच सर्वांत महागडी जागा असते. कोपऱ्यात पडलेली एक जुनी सुटकेस चार चौरस फूट अडवते, म्हणजे जवळजवळ अर्धी जानमाज. आवराआवर कुठून सुरू करावी, याचे उत्तरही इथेच आहे. कपाट नंतर उघडावे. आधी फरशीवर आणि कॉटखाली मुक्कामाला आलेल्या वस्तूंना हात घालावा.

या वस्तू येतात कुठून? विकत घेतलेल्या त्यात कमीच असतात. कंपनीने दिवाळीला दिलेला कॅसरोल, कामगार पतपेढीने सभासदांना वाटलेला स्टीलचा डबा, लग्नातल्या आहेराचे टोप, शेजारणीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून आलेल्या वाट्या, वाढदिवसाचे प्लास्टिकचे डबे. फुकट आलेली वस्तू टाकवत नाही आणि वापरातलीही काढवत नाही. पूर्वी जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर यायची, काही गल्ल्यांतून अजूनही येते. तिच्याशी घासाघीस करण्यात मोठा आनंद असतो, यात शंका नाही. पण कपड्यांचा गठ्ठा जातो आणि घरात आणखी एक टोप येतो.

मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांची गोष्ट वेगळी. मुलगी दहावीत असते तेव्हापासून एकेक नग येतो आणि कॉटखालच्या खोक्यात, कागदात गुंडाळून राहतो. तिचे लग्न ठरते तेव्हा तिच्या सासरीही तेवढीच जागा असते आणि तेवढीच भांडी आधीच असतात. पुष्कळदा ती खोकी माहेरीच राहतात. त्यांना अडगळ म्हटले तर आईला लागते. ते साहजिकही आहे, कारण त्या खोक्यांत तिने दहा वर्षे घरखर्चातून काढलेला पैसा असतो. तरीही लग्नाआधी मुलीला एकदा विचारायला हवे, तुला यातले काय हवे आहे? हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही.

रमजानमध्ये अशा न वापरलेल्या भांड्यांना आणखी एक अर्थ येतो. तो अनेक मुस्लिम घरांतही नीट माहीत नसतो. जकात अडीच टक्के, ती सोने, चांदी, रोकड आणि व्यापारी मालावर, हे सगळ्यांना ठाऊक असते. राहते घर, अंगावरचे कपडे, रोजची भांडी, कारागिराची हत्यारे यांवर जकात नाही. घरातल्या पडून राहिलेल्या भांड्यांवरही नाही. पण ईदच्या नमाजआधी द्यायच्या फित्र्याचा हिशेब हनफी मतानुसार थोडा वेगळा आहे. तिथे गरजेपलीकडचे घरसामानही मोजले जाते. वर्षानुवर्षे न वापरलेली भांडी, न नेसलेल्या साड्या, जास्तीचे फर्निचर यांची किंमत आणि हाताशी असलेला पैसा, देणे वजा जाता, साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतका झाला, तर त्या माणसावर फित्रा लागू होतो. शिवाय तो स्वतः जकात घेऊ शकत नाही. म्हणजे माळ्यावरचे खोके नुसते जागा अडवत नाही. घरमालक देणाऱ्यांत बसतो की घेणाऱ्यांत, हेही ते ठरवू शकते. फिक्हच्या ग्रंथांत यासाठी शब्द आहे ‘हाजते अस्लिया’, मूळ गरज. आवरताना हाताशी ठेवावा असाच तो शब्द आहे.

गरज ओळखायची कशी? रोज लागते का, हा प्रश्न फसवा आहे. शीरखुर्म्याचा मोठा टोप वर्षातून एकदाच निघतो, गौरीचे मुखवटेही एकदाच. ते माळ्यावर असावेत, माळा त्यासाठीच असतो. मात्र जी वस्तू ईदलाही निघाली नाही, लग्नकार्यातही नाही आणि पाहुणे आले तेव्हाही नाही, तिला पुढच्या वर्षी वर चढवण्याआधी थांबावे. मोठ्या देगा आणि पराती तर घरात ठेवण्याचे कारणच नाही. मशिदीच्या जमातीकडे किंवा गणेश मंडळाकडे त्या असतात, मागितल्या की मिळतात. खोक्यांवर आत काय आहे ते खडूने लिहावे. रोजा धरून एका दिवसात सगळे घर उपसायला जाऊ नये. दिवसाला एक फळी पुरे. जड खोकी इफ्तारनंतर, घरातले दुसरे कुणी हाताशी असताना उतरवावीत.

कागदांना मात्र घाईने हात लावू नये. कामगारवस्तीत हीच खरी तिजोरी असते. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, कंत्राटदार बदलला तेव्हाची जुनी ओळखपत्रे, शाळा सोडल्याचे दाखले. कारखाना बंद पडला, स्थलांतर झाले, निवृत्ती आली की यातलाच एखादा पिवळा कागद लागतो. जुनी वीजबिले आणि घरभाड्याच्या पावत्याही पुनर्वसनाच्या वेळी राहत असल्याचा पुरावा म्हणून कामी येतात. ते सगळे एका पत्र्याच्या पेटीत, ओल लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि पेटी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावे.

उरला प्रश्न काढलेल्या वस्तूंचा. फाटका सदरा, हँडल तुटलेली कढई, काजळी धरलेला मिक्सर पिशवीत भरून ‘गरिबाला दिले’ म्हणण्याची सवय सर्व धर्मांत सारखीच आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात निकृष्ट तेवढे निवडून दान करण्यास स्पष्ट मनाई आहे. जुने कपडे दिले म्हणजे जकात फिटली, हाही गैरसमजच. हनफी मतानुसार जकात वस्तूरूपाने देता येते, पण ती धरायची आजच्या बाजारभावाने, खरेदीच्या किमतीने नाही. पाचशेचा शर्ट आज बाजारात तीसला जात असेल तर जकात तीस रुपयांचीच.

चांगल्या वस्तू चांगल्या असतानाच जाव्यात. २०२३ च्या मे महिन्यात देशभरच्या शहरांत जुने कपडे, पुस्तके, खेळणी स्वीकारणारी ‘आरआरआर’ केंद्रे सुरू झाली, पिंपरी-चिंचवडमध्येही झाली. मोडके ते भंगारवाल्याकडे जाते. चिखलीजवळच्या कुदळवाडीत या शहराचे भंगार वर्षानुवर्षे वेगळे होत असे, लोखंड एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, पुठ्ठा एकीकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली आणि गोदामे हलली, पण घराघरांतून निघणारे भंगार काही थांबले नाही. ते निवडणारे हातही कुठेतरी तेच काम करत आहेत. त्यांच्यासाठी एवढे तरी करता येते की फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी आणि पिशवीत ओला कचरा मिसळू नये.

चांदरातीला टोप माळ्यावरून खाली येतो. शेवया भाजल्या जातात, खारीक आणि बदाम भिजत पडतात. सकाळी नमाजहून माणसे परतली की शेजारी येऊ लागतात. खुर्च्या दोन, त्या वयस्करांना. बाकी सगळे फरशीवर बसतात. कॉटखालची खोकी गेली असतील, तर आणखी चौघे मावतात.