लढाऊ हेलिकॉप्टर, त्याचे सेवक आणि त्यांचे कागद
(भंडारा जिल्ह्यांतील संग्राहकांसाठीं एक साधनविचार)

१. प्रास्ताविक

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत हेलिकॉप्टरासारख्या अर्वाचीन यंत्राविषयीं लेख यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु विजापुरची मुलूख-ए-मैदान किंवा जंजिऱ्याची कलालबांगडी या तोफांचीं नांवें आपणां सर्वांस मुखोद्गत असतात, आणि त्यांस बत्ती देणाऱ्या गोलंदाजांचीं नांवें मात्र सहसा कोणास सांगतां येत नाहींत, ही आपल्या लष्करी इतिहासांतील जुनी उणीव आहे. यंत्र टिकतें व त्याचीं वर्णनेंही टिकतात. त्याची सेवा करणारा मनुष्य मात्र एखादा घरगुती कागद वांचला तरच वांचतो. हीच गोष्ट आज आपल्या डोळ्यांदेखत पुनः घडत आहे. म्हणून भारतीय लढाऊ हेलिकॉप्टराची हकीकत उदाहरणादाखल देऊन, तिच्या अनुषंगानें भंडारा जिल्ह्यांतील संग्राहकांचें कर्तव्य काय, हें येथें सुचविण्याचें योजिलें आहे.

२. यंत्राचा परिचय

सामान्य हेलिकॉप्टर माणसें व सामान वाहतें. त्यावर प्रसंगीं शस्त्रेंही चढवितां येतात. लढाऊ हेलिकॉप्टर हें मुळांतच शस्त्र चालविण्यासाठीं बांधलेलें असतें. चालकाभोंवतीं चिलखती पत्रा, पुढील भागीं फिरती तोफ अथवा मशीनगन, आणि बाजूच्या आंखुड पंखांखालीं रॉकेटें व क्षेपणास्त्रें, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. भारतीय वायुसेनेंत या जातीचें पहिलें यंत्र म्हणजे रशियन बनावटीचें मि-२५. त्यासाठीं १९८३ सालीं पठाणकोट येथें १२५ क्रमांकाचें पथक उभें राहिलें. पुढें मि-३५ हें सुधारलेलें यंत्र आलें व तें ‘अकबर’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. १९८७ सालीं श्रीलंकेंत, २००० सालीं सिएरा लिओनमध्यें आणि २००३ पासून कांगो देशांत या जातीच्या यंत्रांनीं काम केलें. पैकीं शेवटच्या दोन ठिकाणीं तीं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर होतीं.

३. उंचीचा प्रश्न व कारगिल

हीं सर्व रणक्षेत्रें सखल अथवा मध्यम उंचीचीं होतीं. १९९९ सालच्या मे महिन्यांत कारगिलचा प्रसंग उद्भवला, तेव्हां निराळीच अडचण पुढें आली. हेलिकॉप्टराचीं फिरतीं पातीं हवा खालीं ढकलतात, म्हणून तें वर राहतें. हवा विरळ झाली म्हणजे पात्यांस आधार कमी मिळतो आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणजे ओझें तेंच, आणि बळ मात्र दोहोंकडून उणें, अशी स्थिति होते. मि-२५ व मि-३५ यांची कमाल मर्यादा सुमारें साडेचार हजार मीटरांची. आणि द्रासजवळील तोलोलिंगचीं शिखरेंच मुळीं त्या उंचीचीं. चिलखत, शस्त्रें व इंधन यांच्या भारासह त्या ठिकाणीं लढणें या यंत्रांच्या आवांक्याबाहेरचें होतें.

त्या वेळीं वायुसेनेचे प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हे होते. भूदलानें हेलिकॉप्टरांचें साह्य मागितलें असतां, तीं त्या उंचीवर उपयोगी पडणार नाहींत व विमानें वापरावयाचीं तर सरकारची राजकीय अनुज्ञा पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. या मुद्यावर दोन्ही दलांत मतभेद झाला. पुढें तत्कालीन भूदलप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनीं ग्रंथरूपानें आणि टिपणीस यांनीं लेखरूपानें आपापली बाजू मांडली. दोन्ही लेखन २००६ सालचें, म्हणजे घटनेनंतर सात वर्षांचें आहे. बखर व समकालीन पत्र यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अनुज्ञा मिळून २६ मे १९९९ रोजीं हवाई मोहीम सुरू झाली. तींत खऱ्या लढाऊ हेलिकॉप्टरांच्या ऐवजीं मि-१७ हें वाहतुकीचें यंत्र रॉकेटें लावून वापरण्यांत आलें. कारण तें अधिक उंची गांठूं शके. २८ मे रोजीं १५२ क्रमांकाच्या पथकाचीं हेलिकॉप्टरें तोलोलिंगवर मारा करण्यास गेलीं असतां, त्यांपैकीं एक यंत्र शत्रूच्या खांद्यावरून सोडावयाच्या क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें. उष्णतेच्या मागानें येणाऱ्या अशा अस्त्रास चकविण्यासाठीं ज्या जळत्या ज्योती सोडतात, त्यांची व्यवस्था त्या यंत्रावर कार्यरत नव्हती. आंतील चारही जण मरण पावले. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट आर. के. साहू आणि सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद, हीं त्यांचीं नांवें. त्यानंतर हल्ल्याच्या कामांतून हेलिकॉप्टरें काढून घेण्यांत आलीं.

हीं नांवें येथें मुद्दाम पूर्ण दिलीं आहेत. त्या दिवसाच्या वर्णनांत यंत्राची जात व अस्त्राचें नांव बहुधा आढळतें. आंतील दोन सार्जंटांचीं नांवें मात्र पुष्कळदां गळतात. जुन्या कागदांत सरदाराचें नांव येऊन ‘खेरीज लोक’ म्हणून बाकीच्यांची बोळवण होते, त्यांतलाच हा प्रकार होय.

४. उत्तर म्हणून निघालेलें यंत्र

कारगिलच्या अनुभवांतून उंचावर लढणारें हेलिकॉप्टर देशांतच बांधण्याचा विचार पुढें आला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीनें बांधलेलें हलकें लढाऊ हेलिकॉप्टर २९ मार्च २०१० रोजीं प्रथम उडालें आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजीं जोधपूर येथें ‘प्रचंड’ या नांवानें वायुसेनेंत दाखल झालें. त्याचें कमाल वजन ५,८०० किलोग्रॅम, दोन इंजिनें, एकामागें एक बसणारे दोन वैमानिक, २० मिलिमीटरची तोफ व ७० मिलिमीटरचीं रॉकेटें, असें त्याचें स्वरूप आहे. दरम्यान अमेरिकन बनावटीचें अपाचे हें यंत्र ३ सप्टेंबर २०१९ रोजीं पठाणकोट येथें त्याच १२५ क्रमांकाच्या पथकांत आलें. भूदलाच्या वैमानिकांचें शिक्षण महाराष्ट्रांतच, नाशिकजवळ गांधीनगर येथें होतें. तेथूनच कॅप्टन अभिलाषा बराक या २०२२ सालीं भूदलाच्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या.

५. भंडाऱ्याचा संबंध

आतां भंडारा जिल्ह्याकडे वळूं. शस्त्राची साखळी वैमानिकापाशीं सुरू होत नाहीं. रॉकेट पुढें जातें तें प्रणोदकाच्या जळण्यानें व फुटतें तें स्फोटकाच्या भरण्यानें; आणि हीं दोन्ही द्रव्यें कोणाच्या तरी हातांनीं सिद्ध होतात. भंडारा शहराजवळ जवाहरनगर येथें १९६४ सालीं स्थापन झालेला सरकारी दारूगोळ्याचा कारखाना (लोकांच्या बोलण्यांत ‘ऑर्डनन्स फॅक्टरी’) याच कामाचा आहे. तेथील स्फोटकें व प्रणोदकें कोणा एका यंत्रापुरतीं नसतात; तोफ असो वा रॉकेट, तिन्ही दलांच्या शस्त्रांस अशा कारखान्यांवांचून गति नाहीं. ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला आहे. कारभाराचा असा पालट होतो तेव्हां जुनीं दफ्तरें हलतात व विखुरतात, हें नागपूरकर भोसल्यांच्या कागदांचा शोध घेणारांस ठाऊकच आहे.

२४ जानेवारी २०२५ रोजीं या कारखान्यांत स्फोट होऊन आठ कामगार मरण पावले. रणांगणापासून शेंकडों कोस दूर, कामाच्या पाळीवर असतांना त्यांस मृत्यु आला. युद्धाच्या इतिहासांत अशांस कोणतें स्थान द्यावयाचें? प्रस्तुत लेखकाच्या मतें, तोलोलिंगवर पडलेले सार्जंट व जवाहरनगरांत पडलेले कामगार हे एकाच साखळीचे दोन दुवे होत. इतिहासकारास दोहोंचीं नांवें सारख्याच अगत्यानें नोंदलीं पाहिजेत.

६. कोणते कागद जमवावे

जून २०२१ मध्यें संरक्षण मंत्रालयानें एक धोरण जाहीर केलें. युद्धदैनंदिन्या, मोहिमांच्या नोंदवह्या इत्यादि कागद सामान्यतः २५ वर्षांत गुप्ततेंतून मोकळे करावे, आणि त्याहून जुने कागद, इतिहास तयार झाल्यावर, तज्ज्ञांच्या पाहणीनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावे, असा त्याचा आशय आहे. कारगिलला २५ वर्षें २०२४ सालीं पुरीं झालीं. सरकारी कागद हातीं येतील तेव्हां ते ताडून पाहण्यास दुसरें साधन पाहिजे. आणि तें घरोघरींच मिळावयाचें. त्या युद्धांत तिशीचा असलेला सैनिक आज पन्नाशी उलटून गेला आहे, आणि त्याचीं पत्रें दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्याकडे जाण्याच्या बेतांत आहेत.

साकोली, तुमसर, पवनी, मोहाडी, लाखनी, लाखांदूर व भंडारा या सातही तालुक्यांतील संग्राहकांनीं पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावें.

पहिली, सैनिकांचीं घरीं आलेलीं पत्रें. यांवर बहुधा ‘५६ ए. पी. ओ.’ एवढाच टपालपत्ता असतो. तें गांवाचें नांव नसून सैनिकी टपालाची खूण आहे. त्यावरून स्थळ ठरवूं नये. पथकाचें नांव व मित्ती मिळवून मगच स्थळाचा निर्णय करावा. पाकीट टाकून देऊं नये, कारण मजकुरांत तारीख नसल्यास शिक्क्यावर ती सांपडते.

दुसरी, वैमानिकाची उड्डाणवही. तींत तारीख, यंत्राची जात व क्रमांक, कामाचें स्वरूप आणि उड्डाणाचा अवधि इतकेंच असतें. हेतु अथवा भावना तींत शोधूं नयेत. परंतु मागाहून लिहिलेल्या आठवणींची मित्ती तपासण्यास यासारखी दुसरी कसोटी नाहीं.

तिसरी, यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचीं व कारखान्यांतील कामगारांचीं ओळखपत्रें, पगारपत्रकें, प्रशस्तिपत्रें, निवृत्तीच्या समारंभाचीं छायाचित्रें. छायाचित्राच्या पाठीमागें त्यांतील माणसांचीं नांवें, ओळखणारा जिवंत आहे तोंवर, शिसपेनीनें लिहून घ्यावीं.

येथें एक सूचना अवश्य आहे. ज्या कागदावर गुप्ततेचा शिक्का असेल, अथवा जो घरगुती नसून सरकारी दफ्तरांतील दिसेल, तो घेऊं नये व त्याची नक्कलही करूं नये. १९२३ चा गुप्तता कायदा अद्याप चालू आहे. तसेंच १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, सबब त्यापूर्वींच्या कागदांत तिकडील गांवेंही भंडारा जिल्ह्यांतच दाखविलेलीं आढळतील. पत्ते लावतांना हें ध्यानांत असावें.

असो. पेशवाईंतला एखादा रुमाल सोडतांना आपणांस जर तोफखान्याच्या हजिरीचा एकच बंद मिळाला, तर आपण तो मोठ्या हर्षानें छापतों. दोनशें वर्षांनीं असा हर्ष कोणास व्हावयाचा असेल, तर तो बंद आज कोणीतरी आपल्या गांवांतील ट्रंकेंतून काढून, झाडून, तारीख लावून ठेवला पाहिजे. तें काम करावयास दूर जावयाचें नाहीं. शेजारच्या घरीं चौकशी केली तरी आरंभ होईल.